चिकटा

मशीन म्हणालं, बहात्तर हजार.
कागद हातात पडला तसा भागवतचा चेहरा उतरला.
परभणीत ऑक्टोबरात हा आकडा सगळ्यांना वाचता येतो,
रिक्षावालेसुद्धा विचारतात, किती झाल्या?
दिवे लागायच्या आत तो पपईचा पाला घेऊन आला,
थर्मासात बकरीचं दूध,
वसमत रोडवरच्या कुणाच्या तरी हातापाया पडून.

पण सोजरबाईला ताप नव्हताच.
होता तो दम.
एकवीस हंगाम मानवतच्या जिनिंगमध्ये
रोलरच्या तोंडाशी कापूस सारत,
आणि घरी चूल, पऱ्हाट्यांची.
बिडी कधी ओढली नाही, हे ती
कुणी विचारायच्या आधीच सांगते.

रात्री मी काच रंगवली.
जांभळं वाळलं, तेलाचा थेंब ठेवला, डोळा लावला
आणि बघते तर
प्लेटलेट कमी नव्हत्याच.
एकमेकींच्या अंगावर, झुंडीनं,
रेशनच्या दुकानापुढे उभ्या असाव्यात तशा.
मशीनला झुंड मोजता येत नाही.
नईम म्हणाला, नळीतल्या औषधानं होतं असं कधीकधी.
होतं.
निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं.
चार लाख अठ्ठावन्न हजार.

लई हाय की! भागवत हसला. म्हंजी चांगलं ना, मॅडम?

शेजारच्या खाटेवरच्या पोराचा बाप,
सेलूचा शिंपी, अठरा हजारांवर तीन रात्री जागलेला,
उठून जवळ आला.
मग यांच्यातल्या द्या की थोड्या.
सोजरबाईनं बाही वर सारली,
घ्या, म्हणाली, मह्या काय कामाच्या.

नाही म्हणायचं माझ्यावर आलं.
सांगायचं होतं ते असं होतं, की बाई,
यातल्या कितीतरी छातीतच निपजतात म्हणे.
हाडाच्या मगजातून एक थोरली पेशी निघते,
फुप्फुसाच्या बारीक नळीत अडकते
आणि तिथं तिची रुई होते,
सरकी मागे, पुंजके पुढे.
म्हणजे हंगाम नसतानाही
तुमच्या आत एक जिन चालूच आहे.
आठ-दहा दिवसांचं जगणं त्यांचं, केंद्रकसुद्धा नाही,
ठाऊक असलेलं काम एकच:
फाटलं की धावायचं, बुजवायचं.
धुरानं आत रोज थोडं खरचटतं.
रक्त सांडत नाही, पण हाक जाते.
मग त्या येतात, माहेरीच आल्यासारख्या,
हातात खळ घेऊन,
पांढऱ्या पेशींना पदराला धरून ओढत,
आणि भोक नाही तिथं ठिगळ लावतात.
ठिगळावर ठिगळ.
नळी आवळते, छातीच्या उजव्या कप्प्याला
रोज थोडं जास्त ढकलावं लागतं.

यातलं मी एवढंच म्हटलं, की रक्त जरा चिकट झालंय.

तिनं थोडा वेळ दम घेतला.
मावा आला की पऱ्हाटीचं पान कसं चिकचिक करतं,
बोटं एकमेकांना सोडत नाहीत,
तसं का?
तसंच.
मंग चिकटा पडला म्हण की, सरळ.

डॉक्टर पैठण्यांनी छोटी गोळी लिहिली, जेवणानंतर एक.
रक्त पातळ केल्यावर जोर कुठून यायचा,
यावर तिचं नि भागवतचं अर्धा तास वाजलं.
तिला दम लागला म्हणून तो हरला.

पपईचा पाला शिंप्याच्या पोराला गेला, दूधही.
सोजरबाई आडवी होत नाही,
भिंतीला उशी लावून बसूनच झोपते,
वॉर्डात सगळ्यात सावध झोप तिची.

पहाटे मी ऑक्सिजनचा काटा बघायला वाकले
तर डोळे न उघडता विचारलं,
सुटं झालं का गं ते?

माझ्या खिशात तिची काच होती, नंबर टाकलेली.
मी म्हटलं, गोळी बंद करू नका.